जुना पत्ता पुसण्याआधी

गिरणीवर रात्रपाळीचा पहारा करण्यात दादाची तीस वर्षं गेली होती. सकाळी आठ वाजले की त्याचे डोळे आपोआप मिटत आणि घोरणं सुरू होई. घोरणं असं, की शेजारचे भिंतीवर थापा मारत. मधेच ते थांबे तेव्हा घरचे म्हणत, चला, सुटलो. डॉक्टरांना मात्र त्या थांबण्याचीच काळजी वाटली. झोपेतल्या श्वासाची चार तासांची नोंद आणा, मगच झोपेत श्वास चालू ठेवणारा मास्क देतो, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ते चौथ्या दिवशी दोन महिन्यांसाठी परगावी निघणार होते.

श्वास मोजणारं यंत्र त्याच्या धाकट्या बहिणीच्याच कंपनीचं. त्यातला प्रोग्रामही तिचाच, नोकरीला नवी असताना लिहिलेला. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. स्वतःचं जुनं काम मात्र तिने वीस वर्षांत उघडून पाहिलं नव्हतं. दोन दिवस तिने दादाच्या छातीला यंत्राचा पट्टा बांधला, आणि दोन्ही दिवशी चार तासांच्या आसपास यंत्राचा पडदा कोरा. सगळी नोंद गायब.

तिसऱ्या सकाळी तिने पट्टा बांधलाच नाही. दादा झोपला, ती लॅपटॉपवर आपला जुना प्रोग्राम उघडून उशाशी बसली. खिडकीच्या पडद्यातून पिवळट उजेड झिरपत होता. श्वास आत, श्वास बाहेर. त्या लयीत तिचेही डोळे जड झाले, आणि आपण एका लांबलचक बोळातून चाललो आहोत असं तिला वाटू लागलं. एका खोलीत तिने दादाच्या श्वासांचं गाठोडं ठेवलं होतं. गाठोडं फुगत होतं, म्हणून ती मोठी जागा मागत फिरत होती. कधी शेजारची भिंत मागे सरके आणि तीच खोली मोठी होई. कधी कोणीतरी गाठोडं उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवी आणि तिच्या तळहातावर नवा पत्ता लिही. शेवटी एकाने मान हलवली. जागा नाही. तेही त्याने तळहातावरच लिहिलं, जुन्या पत्त्यावर. ती मागे वळली. बोळात सगळी दारं सारखी होती.

ती दचकून जागी झाली आणि प्रोग्राममधल्या जादा जागा मागणाऱ्या ओळीवर थेट गेली. यंत्राची मेमरी भरली की जादा जागेला नकार मिळे. नकार मिळाला तरी जुनी नोंद होती तिथेच सुखरूप असे. पण या ओळीत नकारसुद्धा जुन्याच पत्त्यावर लिहिला जाई. नोंद आत, आणि तिच्यापर्यंत जायची वाट पुसलेली. नवशिक्याची चूक, तिची स्वतःची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जागा मागितल्यावर येणारं उत्तर तिने वेगळ्या जागी घेतलं, ते नीट तपासल्याशिवाय जुन्या पत्त्याला हात लावायचा नाही असं लिहिलं, आणि नकार आलाच तर असेल तेवढी नोंद जपून ठेवायला सांगितलं. मग अकराच्या सुमारास झोपलेल्या दादाला अलगद पट्टा बांधला. तो झोपेतच काहीतरी पुटपुटला आणि कुशीवर वळला.

तीन वाजून गेल्यावर मेमरी भरली. नकार आला. नोंद मात्र जागेवर होती, चार तास सात मिनिटं. ती नाचायचीच बाकी होती. तिने श्वासांची रेघ पहिल्यापासून पाहायला घेतली. सव्वाबाराच्या पुढे रेघ सपाट झाली होती. तिने सेकंद मोजले, पुन्हा मोजले.

दादा जागा झाला. काही मिळालं का, म्हणून त्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"मग रडतेस कशाला, वेडे?"

"दादा, त्रेचाळीस सेकंद तू श्वासच घेतला नाहीस," ती म्हणाली. "आणि मी इथंच बसले होते. खोली शांत झाली म्हणून बरं वाटत होतं मला."