डावं चित्र उजव्या डोळ्याला
इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट चोळलं की मला ठाण्यातल्या त्या मॉलमधले थ्रीडी चष्मे आठवतात, तसाच वास येणारे, घाईघाईत पुसलेले, अजून ओलसर. कल्याणच्या एका थिएटरात जन्मभर ऑपरेटर म्हणून रिळं चालवलेल्या बाबांना मी मोठ्या हौसेनं घेऊन गेलेले. सिनेमा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत डोळे दुखायला लागले. नायकाच्या मागचा डोंगर त्याच्याही पुढे आल्यासारखा दिसत होता. बघते तर बाबांनी चष्मा खालचा वर करून लावलेला, आणि तो ठरत नव्हता म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. म्हणाले, "अगं, डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला जातंय. असा उलटा धर, नीट दिसेल." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, आता रिळं नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर असतं. सरळ घाला ना, लोक बघतायत!" त्यांनी मुकाट्यानं चष्मा सरळ केला. इंटरव्हलपर्यंत अख्खं थिएटर डोळे चोळत बसलेलं, मीसुद्धा. मग गळ्यात आयकार्ड घातलेला एक माणूस येऊन म्हणाला, "सॉरी हां, लेफ्ट-राइट उलटं लागलेलं, आता ठीक केलंय." आधी त्याचा संताप आला, मग स्वतःचा. एकदा चष्मा उलटा धरून बघायला माझं काय जात होतं? इंटरव्हल संपून दिवे मालवल्यावर बाबांनी हळूच जे विचारलं, ते आज इतक्या वर्षांनीही सुईपेक्षा जास्त टोचतं: "आता सरळच ठेवू ना गं?"