खात्यात पैसे, नावावर दिवाळं

ऐकायचंच असेल तर बसा, पण एक अट आहे. माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. हा किस्सा मी परगावच्या सख्ख्या भावालासुद्धा कित्येक वर्षं कळू दिला नव्हता!

आधी एक लक्षात घ्या. मी शाळेची पायरी चढलेली नाही. किराणा ज्या कागदात बांधून यायचा, ते कागद वाचून वाचायला शिकले. अर्धी बातमी जिऱ्याच्या पुडीवर, उरलेली धण्याच्या. पण शिकले ती अशी, की भडगावात माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मास्तर मला पाहून गल्ली बदलायचे. फळ्यावरची त्यांची चूक मी भर वर्गात खिडकीतून सांगितली होती ना!

तर उन्हाळ्यात माझ्या अंगणात पाच-सहा बायका उडदाचे पापड लाटायच्या, ज्वारीचे बिबडे घालायच्या. त्यांची आणि माझी वर्षाची मीठमिरची त्यावरच. डाळ यायची धुळ्याच्या एका शेठकडून. दर वेळी कमरेला पैसे खोचून एसटीत उभं राहायचं, याचा वीट आला आणि मी बँकेत खातं काढलं. चेकबुक मिळालं! आमच्या गल्लीत बाईच्या नावाचं पहिलं.

आता मला सांगा, आपल्याकडे शुभाचा कागद कधी कोरा घराबाहेर जातो का? लग्नपत्रिका घ्या, दिवाळीची चोपडी घ्या, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीला धाडायचं बोलावणं घ्या. चारी कोपऱ्यांना हळद, मधे कुंकू. आणि चेक म्हणजे तर साक्षात लक्ष्मी! मी शाईनं झोकात सही केली, चारी कोपऱ्यांना ओली हळद लावली, मधे कुंकवाचं बोट ओढलं, पापडांच्या खाटेवर उन्हात वाळवला आणि शेठला दिला धाडून.

आठ-पंधरा दिवसांत शेठकडून चेक परत! वर टाचणीनं इंग्रजी चिठ्ठी लावलेली. आणि बँकेनं माझ्याच खात्यातून दंड कापलेला!

धाकटी जाऊ सखू माझ्या खांद्यावरून डोकावली. "काय लिखेल शे वं अक्का?"

आता मला मराठी येतं, हिंदी येतं, रेटून गुजरातीही वाचते. इंग्रजीचं मात्र एक अक्षर येत नाही. पण हे सखूला सांगू? मी? चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, "हं!" केलं आणि घडी घातली.

"त्यांची चूक आहे," म्हटलं.

सखू म्हणाली, "तुन्हा चेकले नजर लागेल शे, अक्का."

पटलं मला! दुसऱ्या चेकला हळद दुप्पट लावली, वर ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता चिकटवल्या. वरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. परत आला. पुन्हा दंड.

तिसऱ्याला काय कमी ठेवलं असेल? गुळाचा नैवेद्यसुद्धा दाखवला. नुसता दाखवला नाही, जरा टेकवला. तोही परत!

आणि मग धुळ्याहून शेठचा निरोप आला: "अक्का, राग मानू नका. यापुढे रोख आणाल तरच डाळ."

झालं! बाजारात चेक परत आला म्हणजे खातं रिकामं, दुसरा अर्थ नाही. माझ्या खात्यात चांगले पैसे पडून, आणि मी दिवाळखोर! रोख नेऊन दिली, तर दिवाळं कबूल केल्यासारखंच! होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, आणि बायका पोळपाट उपडे घालून अंगणात बसलेल्या.

मी तडक बँकेत गेले. तिथे कोकणातून बदलून आलेले पेंडसे साहेब होते. मऊ माणूस. टेबलावर हात आपटला तर त्यांची टाचण्यांची डबी उडाली.

"मन्हा पैसा कसाले कापात तुम्हीन?"

"अं? काय म्हणालात?"

"माझे पैसे का कापले? मराठीत विचारते!"

"आजी, चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असतं."

"आजी असेल तुमच्या घरी. मला अक्का म्हणतात. आणि ते कारण मी वाचलंय. साफ खोटं आहे!"

साहेब गोंधळले. "खोटं? अहो, पण चेकवर काही दिसतच नव्हतं..."

"खात्यात पैसे दिसतात ना? मग चेकवर काय बघायचंय?"

"नाही, तुम्ही जर ते हळद..."

"हळदीचे भाव मला नका सांगू! दंड परत देता की नाही?"

"नियमात बसत नाही हो."

"मग खातं बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

साऱ्या बँकेसमोर पैसे मोजून घेतले आणि ताठ मानेनं रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत शिरले. तिथले साहेब आपल्याकडचेच, पहूरचे.

"या अक्का! खातं काढायचंय? काढू की. फक्त आमच्या एखाद्या खातेदाराची ओळख लागेल. सही आणा कुणाची तरी."

हात्तिच्या! त्यात काय? मी बाहेर आले आणि कुणाची सही आणावी याचा विचार करत चौकात उभी राहिले. मास्तर? फळ्याची चूक. डॉक्टर? त्यांना म्हटलं होतं, तुमच्यापेक्षा माझा ओवा बरा. किराणावाला? त्याचा तराजू मी भर बाजारात उलटा केला होता. सगळ्या गावाला माझी ओळख होती, पण ओळख द्यायला एक माणूस पुढे येईना!

परत गेले. पहूरचे साहेब हळूच म्हणाले, "अक्का, तुमचे चेक परत जातात असं कानावर आलंय. ओळख आणली असती तरी चेकबुक देणं कठीण होतं. पेंडसे साहेबांचंच पत्र आणा, की व्यवहार चोख होता म्हणून. म्हणजे दोन्ही कामं होतील."

पेंडसे साहेबांचं! ज्यांची टाचण्यांची डबी अजून जमिनीवर असेल, त्यांचं!

मी घरी येऊन पाटावर बसून राहिले. अंगणातून आवाज आला, "अक्का, डाय कधी ई?" डाळ कधी येईल! काय सांगू त्या बायांना? उठले, बिबड्यांचा पुडा बांधला आणि पेंडसे साहेबांच्या बँकेचा रस्ता धरला.

मला पाहताच साहेबांनी आधी टाचण्यांची डबी खणात ठेवली. मग म्हणाले, "बसा, अक्का. ते चेक आणलेत?"

मी पुडा टेबलावर ठेवला आणि बटव्यातून तिन्ही काढले. त्यांनी पहिला माझ्यासमोर धरला.

"यात तुमची सही कुठे आहे, दाखवा."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोपऱ्यात हळद. हळदीखाली शाईचा चिखल. मधे रकमेवरून कुंकवाचा गाडा गेलेला. माझीच सही मला सापडेना!

"चिठ्ठीवर हेच लिहिलंय. सही दिसत नाही, रक्कम वाचता येत नाही. आणि तिसऱ्या चेकाला, अक्का, मुंग्या लागल्या होत्या. आमचा कारकून तो झटकून झटकून दमला."

पण हार मानेन तर मी कसली!

"मग चिठ्ठी मराठीत का नाही लिहीत?"

साहेबांनी चिठ्ठीवर पुन्हा नजर फिरवली. "हे मात्र तुमचं खरं आहे," म्हणाले, आणि एका चेकाचा दंड परत करायची व्यवस्था केली. एकाच, पण परत! शिवाय सुरेख पत्र लिहून दिलं, बाई सचोटीची, खात्यात कायम पुरेसे पैसे होते म्हणून.

मी इतकी हरखले! असा मानाचा कागद आयुष्यात पहिल्यांदा हाती आलेला. घरी नेऊन देवापुढे ठेवला, दुसऱ्या दिवशी नवी नऊवारी नेसून समोरच्या बँकेत गेले आणि ऐटीत पत्र पुढे केलं.

पहूरच्या साहेबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं.

"अक्का," ते म्हणाले, "यात वाचायचं कुठून?"

हो! लावलं होतं! शुभाचा कागद, हात राहतो का हो?

पुन्हा रस्ता ओलांडून गेले. पेंडसे साहेबांनी दुसरं पत्र लिहिलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी ते दिलंच नाही. स्वतः उठले, कागद डोक्याच्या वर धरला आणि भर उन्हात रस्ता ओलांडला. पुढे साहेब, मागे मी, आणि दुकानांच्या फळ्यांवर उभं राहून बघणारं अख्खं भडगाव. मास्तर तर गल्ली न बदलता बघत होते!

खातं निघालं. चेक वटला. डाळीची पोती आली आणि पापड वेळेत वाळले. आता आमच्या घरात पैशांच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला असते. पण मी चेकबुक काढलं, की सखू कुंकवाचा करंडा उचलून फडताळात ठेवते, वर कुलूप घालते, आणि ती किल्ली काही केल्या माझ्या हाती देत नाही.