नकलीमामांचं बोलायचं यंत्र

नकलीमामांनी आयुष्यभर खोट्या वस्तू केल्या, तरी त्याबद्दल त्यांना कधी कुणी पोलिसात दिलं नाही, कारण त्या सिनेमासाठी आणि मालिकांसाठी होत्या. चित्रीकरणाच्या आवारात मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी, त्यांची पत्र्याची खोली होती. तिथे लाकडी पिस्तुलं, राळेचे हिरे, पुठ्ठ्याचे टाइपरायटर आणि थर्माकोलच्या विटा गुण्यागोविंदाने नांदत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. मामांनी एका दरोड्याच्या सिनेमासाठी तेही आणलं होतं, आणि ते इतकं वठलं की निर्मात्याने ती बंडलं स्वतः उभं राहून जाळायला लावली.

त्यांची एक पद्धत होती. हातात धरायची कुठलीही वस्तू करायची असली की कागदावर रेघ ओढण्याआधी ते ओल्या मातीचा गोळा घरी न्यायचे आणि बायकोच्या हातात द्यायचे. "पिस्तूल आहे" किंवा "कंदील आहे" एवढंच सांगायचे. मामी तो गोळा तशा बेताने धरायच्या, मूठ आवळायच्या, आणि बोटांचे ठसे जिथे उमटतील तिथे मामा पुढे दांडा, कडी, खटका बसवायचे. डोकं थापा मारतं, हात मारत नाही, असं त्यांचं म्हणणं. वस्तू तयार झाली की ती पुन्हा घरी यायची. या वेळी तोंडातून शब्द न काढता मामा ती मामींच्या पुढ्यात ठेवायचे. मामींनी न सांगता बरोबर उचलली, बरोबर चालवली, तर पास. नाहीतर मामी ती टेबलावर पालथी घालायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. मग कितीही गयावया केली तरी फेरतपासणी नाही.

मामी काही ऐऱ्यागैऱ्या परीक्षक नव्हत्या. त्यांची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. दिवसभर लोकांना लोकांशी जोडून द्यायचं, आणि घरी आल्यावरही तोंडाचा पट्टा काही थांबायचा नाही. मामांनी केलेला एखादा खोटा टेलिफोन पास झाला की त्या तो कानाला लावून नोकरीतल्या आवाजात म्हणायच्या, "बोला, कुणाशी बोलायचंय?"

"स्वर्गात लावून द्या," मामा म्हणायचे.

"लाईन बिझी आहे. तुमच्याआधी बरेच जण थांबलेत."

गेल्या वर्षी मामींना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय, शब्द तेवढे येत नाहीत. खुणेने का होईना, उत्तर द्यायला लावा. एकदा उत्तर देणं सोडलं की माणूस आत आत जात राहतं." वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी एक तक्ता दिला. त्यावर पाण्याचा पेला, पलंग, न्हाणीघर, हसरा चेहरा, रडका चेहरा अशी चित्रं होती; हवं त्यावर बोट ठेवायचं. मामींनी तो एकदा पाहिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मान हलवून हो-नाही सांगणं त्यांना जमत होतं, पण त्या तेही करेनात. भरवलं तर खात, उठवलं तर उठत. चहा हवा का, खिडकी उघडू का, दुखतंय का, सगळ्याला उत्तर एकच, भिंत. बाई तरी किती दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतणार? त्या यायच्या बंद झाल्या.

मामांना आता जगाकडून दुसरं काही नको होतं. मामींकडून एक उत्तर हवं होतं. हो म्हणा, नाही म्हणा, शिवी द्या, पण काहीतरी द्या.

लेक परगावी होती. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबा, आई काय म्हणते?"

"मजेत आहे," मामा सांगायचे. सगळ्या जन्माचं खोटं पचवलेला माणूस, पण एवढं एक खोटं त्यांच्या हातून नीट उतरत नसे. लेक मग हवापाण्याचं विचारायची.

अशात नव्या मालिकेचं काम आलं. दिग्दर्शक लेकीच्या वयाचा होता, पण मामांना मान देऊन बोलायचा. गोष्ट तीनशे वर्षांनंतरची, अवकाशयानाची. यानाची कप्तान एक बाई. "मामा, तिच्या हातात बोलायचं यंत्र हवंय," तो म्हणाला. "मोबाईलसारखं अजिबात दिसता कामा नये. पण बघणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे की हिला यातून कुणाशी तरी बोलायचंय."

मामा खुशीत आले. कितीतरी दिवसांत कुणी त्यांना असं अवघड काही मागितलं नव्हतं. पत्र्याच्या खोलीत बसून ते तीनशे वर्षांनंतरच्या माणसांचा विचार करू लागले. त्या माणसांना पडद्याकडे बघून बघून वीट आलेला असणार, म्हणून पडदा नको. आकडे नकोत, अक्षरं नकोत. कानाला लावायचं नाही, हनुवटीखाली धरायचं, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा उघडा राहील. आणि अंगठा जिथे आपसूक टेकतो तिथे एकच खळगा; दाबला की आतून उजेड. ज्याला काही म्हणता येत नाही त्यालासुद्धा निदान अंगठा टेकता आला पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग ते यंत्र कुणासाठी चाललंय ते त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं.

मातीचा गोळा घेऊन ते घरी आले. मामी खुर्चीत होत्या, तोंड भिंतीकडे. मामांनी गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "अगं, बोलायचं यंत्र आहे," ते म्हणाले.

काही होणार नाही, असंच त्यांनी धरलं होतं. पण बोटं हलली. हळूहळू, एकेक करून ती गोळ्याभोवती मिटली आणि अंगठा वरून मातीत रुतला. नजर भिंतीवरच होती. मामा जमिनीवर बसले आणि मूठ सैल होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग गोळा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला. त्या रात्री त्यांना आनंदाने जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. ठशांवरून साचा घेतला, साच्यात राळ ओतली, कानशीने कडा मारल्या, पॉलिश पेपरने घासून घासून अंग नदीतल्या गोट्यासारखं केलं. खळग्यापाशी राळ इतकी पातळ ठेवली की दिवा दिसू नये, नुसता निळसर उजेड वर यावा. पोटात शिसं भरलं, कारण हलकी वस्तू हाताला पटत नाही. खरं यंत्र यात नाही, सेल, दिवा आणि शिसं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी घासता घासता त्यांना वाटायचं, हे हातात आलं की ती बोलेल. निदान अंगठा दाबेल, आणि मग मी विचारीन, आणि उजेड म्हणजे हो. वेडी आशा, पण काय करणार, आशेला कुठे शहाणपण असतं?

चित्रीकरण अचानक अलीकडे आलं आणि रंग वाळतो न वाळतो तोच यंत्र सेटवर मागवलं गेलं. परीक्षा न देता मामांच्या हाताखालून बाहेर पडलेली ती पहिली वस्तू. अर्थात परीक्षा झाली असती तरी मामींच्या हातात ती बरोबरच बसली असती, आणि खरं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कप्तान झालेल्या नटीने यंत्र उचललं. "किती सुंदर आहे," ती मनापासून म्हणाली. मग तिने ते धरलं, बोटं बदलली, पुन्हा धरलं. खळगा तिच्या करंगळीशी जात होता आणि अंगठा टेकायच्या जागी उंचवटा होता. दिवे लावलेले, माणसं खोळंबलेली.

दिग्दर्शकाने यंत्र स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं. दोनदा फिरवलं. "मामा," तो हळूच म्हणाला, "हे डाव्या हाताचं झालंय."

"डाव्यात धरू दे की," मामा म्हणाले.

"डावा हात यान चालवायच्या दांड्यावर असतो. ते प्रसंग होऊनही गेलेत, मामा. तुम्हाला दाखवले होते."

दाखवले होते. मामांनी पाहिलेही होते. पण वर्षभर त्यांच्या घरात हात म्हणजे एकच हात होता. तोच पुसायचा, त्याचीच नखं कापायची, तोच धरून उठवायचं. मातीचा गोळा दुसऱ्या हातात द्यायचा असतो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. इतक्या वर्षांचा कसबी माणूस, आणि सगळ्यांदेखत हात दाखवून अवलक्षण.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. दिग्दर्शक जरा विचार करून नटीला म्हणाला, "तू रिकामा हात धर. उजेड आपण नंतर कॉम्प्युटरवर घालू." तिने रिकामा तळवा हनुवटीखाली धरला आणि बोलली. ते फारच छान दिसलं. सगळ्यांना आवडलं, मामांनाही. तीनशे वर्षांनंतर हातात काहीच नसणार, हे किती बरोबर होतं. दिग्दर्शकाने मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढेही आता असंच करू म्हणाला. म्हणजे पत्र्याच्या खोलीचं काम संपलं, हे मामांना न सांगता कळलं.

यंत्र खिशात घालून ते घरी आले. कामाचं दुःख त्यांना झालं, नाही असं नाही, पण वाटेत ते मागे पडलं. खिशातली वस्तू ज्या हाताची होती त्या हाताकडे चालली होती, आणि मामांचे पाय झपाझप पडत होते.

त्यांनी मामींची खुर्ची टेबलाकडे वळवली. पद्धतीप्रमाणे काही न बोलता यंत्र पुढ्यात ठेवलं आणि बाजूला उभे राहिले.

मामींनी बराच वेळ त्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला. बोटं आपापल्या जागी बसली, अंगठा खळग्यात टेकला, निळसर उजेड वर आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी यंत्र हनुवटीखाली गेलं. मामींचे ओठ उघडले, गळ्याची शीर ताणली, आणि एक खरखर बाहेर आली. तिला शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

मग त्या थांबून राहिल्या, एक्स्चेंजमध्ये पलीकडच्या माणसासाठी थांबावं तशा. यंत्राकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, वर्षभरात पहिल्यांदा. आणि यंत्र टेबलावर पालथं घातलं.

त्या नजरेत काही धूसर नव्हतं. डॉक्टर म्हणाले तसं मामींना सगळं कळत होतं, आणि सगळं कळूनच त्यांनी निकाल दिला होता. त्यांनी आपलं तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

फोन वाजला. मामांनी तो वाजू दिला, मग उचलला.

"बाबा, आई काय म्हणते?"

"नको म्हणते," मामा म्हणाले.