मनकर्णेचा डोह

दर्यापूरच्या खाली पूर्णेला एक खोल डोह होता. तिथं मासोळी धरायचा हक्क भोयांच्या गड्यांचा. बायांनी खवले काढायचे, मासे वाळवायचे, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. जाळ्याला हात लावायचा नाही.

परमुलखातल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तसे भोई गाडीवान झाले. पुंजारामही कापसाची गाडी हाकत खामगावच्या बाजाराच्या वाटेला लागला. घरी म्हातारी सासू, नऊ वर्षांची शकुन आणि बायको मनकर्णा. ज्वारीही महागलेली. मनकर्णेनं आठ दिवस वाट पाहिली, मग कासोटा घट्ट मारून खुंटीवरचं जाळं उतरवलं. कोणी अडवलं नाही. मासोळी वस्तीला हवीच होती.

तीन हिवाळे ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, भेगा टाचेपर्यंत गेल्या. मधल्या वर्षी पोळ्याला पुंजाराम येऊन गेला. पाचव्या महिन्यात पोट पडलं. सुईण म्हणाली, "आता पान्यात जाऊ नोको, बाई." दहाव्या दिवशी ती पुन्हा डोहात होती.

लढाई संपली, भाव कोसळला, गडी परतले. पंचांनी डोह पुंजारामला दिला. थंडीत पाण्यात उतरणाऱ्याला पायाला चोळायला वस्तीकडून करडीचं तेल मिळे. पंचांचे म्होरके नत्थुजी पुंजारामच्या हाती तेलाचं गाडगं देत होते, तेवढ्यात मागून काठी टेकत मनकर्णा पुढं आली.

"मामाजी, तीन सालं मी उतरली. मले काहून नाही देल्लं?"

"तेल मासोळी धरनाऱ्याले रायते. तू त बाई मानूस."

"मंग धरत कोन होतं?"

पंच हसले. पुंजारामनं गाडगं घेतलं.

घरी त्यानं तिच्या पायाची चिंधी सोडली. टाच काळी पडली होती.

"सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तुमी त गाडीवर."

तो रोज तेल चोळत राहिला. गावच्या वैद्यानं लांबूनच पाहिलं आणि मान फिरवली. फाल्गुनात ताप चढला. "शकुन, जाळं वर घे, पानी चढून राह्यलं," असं बडबडत तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्याला पुंजाराम पंचांसमोर बोलला, "तीन सालं डोह तिनंच चालवला."

नत्थुजींनी मान हलवली, आणि शकुनच्या लग्नाचं काय ठरवलं ते विचारलं.