गाठोडं पुढे गेलं

गुरुवार, १३ फेब्रुवारी १९४७. मुक्काम कर्जत. हजर: मी; आमचे हे (झोपलेले); शेजारच्या सरस्वतीवहिनी; कडावचा गाडीवान धाकू; त्याचे दोन बैल; आणि एक गाठोडं. यांपैकी मी आणि हे सोडून बाकी सगळे आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीला जाऊन आले.

हे मालगाडीवर गार्ड. पंचवीस वर्षांत आम्ही दोघं सलग दोन दिवस एकाच वेळी जागे होतो, असं मला तरी आठवत नाही. मी उठायचे तेव्हा ते येऊन झोपायचे. ते उठायचे तेव्हा मी डबा भरत असायचे. मुलगी सासरी गेली, मुलगा शिकायला पुण्याला राहिला, आणि घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच उरल्या: मी आणि सांडशी. त्यातही सांडशीला पातेलं होतं.

म्हणून मी ठरवलं, सात दिवसांची रजा, सात दिवसांचा प्रवास, आणि सात दिवस फक्त दोघं. यादी केली. (मी यादीशिवाय तांदूळही निवडत नाही.) पहिला मुक्काम खालापूर, दुसरा पेण, मग धरमतरची खाडी ओलांडून अलिबागचा समुद्र, परत फिरून कोंडाण्याची लेणी आणि तिथून वर राजमाचीचा चढ. बैलांनी दम कधी खायचा, याचं कलम तेवढं राहून गेलं होतं. समुद्राच्या दिवशी मात्र सगळं नीट लिहिलं होतं: पाय भिजवणे. शहाळी दोन. वाळूत बसून बोलणे, अर्धा तास.

"पंचवीस वर्षं झाली म्हणून कोणी डोंगर चढतं का, इंदिराबाई?" सरस्वतीवहिनी म्हणाल्या. "आणि निघणार कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी? पश्चिमेला? दिशाशूल आहे, त्या वारी तिकडे निघू नये."

"रजा शुक्रवारपासूनच मिळाली आहे."

"रजा साहेब देतो. दिशा नाही देत."

यावर उपाय त्यांनीच सांगितला: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आदल्या चांगल्या दिवशी थोडं सामान वाटेच्या दिशेला असलेल्या घरी नेऊन ठेवायचं. आपण निघालो असं मग समजलं जातं. वहिनींचं घर आमच्या पश्चिमेलाच, भिंतीला भिंत. लोक एक उपरणं, मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवतात. मी म्हटलं, नेऊन ठेवायचंच आहे तर सगळंच ठेवू, उद्याची एक फेरी वाचेल. माझं नवं लुगडं, रोजचं दुसरं लुगडं, ह्यांचा लोकरी कोट, दोन महिने रेशनची साखर मागे टाकून केलेले लाडू, कंदील, आणि विसरायला नको म्हणून सर्वांत वर यादी. गाठ मारली आणि गुरुवारी सकाळी गाठोडं वहिनींच्या ओटीवर नेऊन ठेवलं.

"आता हे परत न्यायचं नाही हं," वहिनींनी बजावलं. "प्रस्थान मागे आलं की प्रवास मोडला. हलवायचं तर पुढेच."

शुक्रवारी पहाटे स्टेशनवरचा निरोप्या आला. ह्यांच्या जोडीदार गार्डला ताप भरला होता.

"एक फेरी मारून येतो," हे म्हणाले. "उद्या नक्की. माझा कोट कुठे आहे?"

"निघाला," मी म्हटलं.

शेवटी माझी शाल पांघरून गेले. फेब्रुवारीतल्या घाटातल्या गारठ्यात, मालगाडीच्या शेपटीला, वेलबुट्टीच्या शालीतून हिरवी झेंडी बाहेर येत होती, असं मला मागाहून निम्म्या कर्जतने सांगितलं.

दारात धाकूची छपराची गाडी उभी होती. "बाय, बैल जुंपलं हाय. मानसं कुटं हायत?"

"उद्या निघू, धाकू."

"आमाला समजतं उद्या. बैलांना नाय समजत," असं म्हणून त्याने बैल सोडले.

शनिवारी निरोप्या पुन्हा आला. जोडीदाराचा ताप उतरला नव्हता. ह्यांची रजा 'पुढे ढकलली' होती. त्याच्या पाठोपाठ वहिनी आल्या, त्या नटूनथटून.

"पेणला चालले. भाचीचं लग्न आहे सोमवारी. घराला कुलूप लावतेय, तर तुमचं प्रस्थान आत कोंडून ठेवू का?"

"छे, माझ्याकडे द्या."

"मागे?" वहिनींनी कानांवर हात ठेवले. "मी नेते ना पेणला. पुढेच आहे. आणि तुमची गाडीही रिकामीच उभी आहे."

मी मान डोलावली. (मी सोय पाहणारी बाई आहे; मला सोयीपुढे काही बोलता येत नाही.) अंगावरच्या एकुलत्या एका लुगड्यात मी दारात उभी राहिले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवला. "जपून जा," असंही म्हणाले. कोणाला, ते आज सांगता येणार नाही.

पुढचे दिवस मी रात्री लुगडं धुऊन, जुनं पांघरूण गुंडाळून, ते वाळायची वाट पाहत काढले. हे यायचे, झोपायचे, जायचे. सोमवारी, म्हणजे लग्नाच्या तारखेला, जेवून उठताना दारात थांबले. मी पदर सावरला.

"तुझी शाल चांगली ऊबदार आहे," हे म्हणाले आणि गेले. पंचवीस वर्षांतली पहिली स्तुती, आणि तीही शालीच्या वाट्याला गेली.

बुधवारी वहिनींचं कार्ड आलं. 'गाठोडे सुखरूप. पेणलाच ठेवणार होते, पण बहिणीकडची मंडळी अलिबागला निघाली, तेव्हा म्हटले पुढेच आहे. लाडू खराब झाले असते म्हणून संपवले. तुमचे लुगडे मांडवात नेसले, नाहीतर घडीवर विरले असते. यादी फार उत्तम. त्याप्रमाणे सर्व करीत आहोत.'

शुक्रवारी वहिनी परतल्या, त्या काळ्याभोर होऊन. गाठोडं नव्हतं.

"धाकू घेऊन गेला कोंडाण्याला. यादीत होतं ना?"

रविवारी संध्याकाळी धाकू आला. गाठोडं डोक्यावर, आणि ते उतरवताना त्यातून वाळूची धार लागली.

"बैल कोंडान्यास बांधलं नि राजमाचीवर गेलो," तो म्हणाला. "काय चढन हाय, बाय. पन तुमच्या गाठोड्याला वरून समदं दावलं. आता तुमी आत घ्या, तेचा परवास झाला."

हे नुकतेच उठले होते. ड्यूटीला बरोबर अर्धा तास होता. त्यांनी यादी उघडली. प्रत्येक कलमापुढे वहिनींनी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. कोंडाणे आणि राजमाची यांच्यापुढे धाकूचा कोळसा. पाय भिजले होते. शहाळी दोन संपली होती. एकाच कलमापुढे काही नव्हतं.

"वाळूत बसून बोलणे," ह्यांनी वाचलं. "हे का राहिलं?"

"वहिनी म्हणतात, कोणाशी ते लिहिलं नव्हतं."

हे खाली बसले. मीही बसले. मध्ये गाठोडं आणि बरीचशी वाळू.

"मग बोल," हे म्हणाले.

"तुम्ही बोला. अर्धा तास आहे."

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. यादीची घडी केली, पुन्हा उघडली.

"डब्यात काय आहे?"

"मेथी."

"वा. छान."

"हो."

मग आम्ही दोघं वाळूकडे बघत बसलो. घड्याळ वाजलं तसे हे उठले, कोट झटकून अंगात घातला आणि शालीची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. घडी त्यांनी चुकीची घातली होती. मी दुरुस्त केली नाही.

ते गेल्यावर चूक कोणाची, याचा मी शोध घेतला. चूक ह्यांची नव्हती, वहिनींची नव्हती, दिशेचीही नव्हती. अर्धा तास बोलायचं हे मी लिहिलं, आणि काय बोलायचं त्याची यादी केलीच नव्हती. म्हणून त्याच कागदाच्या पाठीवर ती करायला घेतली. एक: मेथी. दोन: अजून सुचायचं आहे.