थडग्यातून परतल्यावरचा चहा

अट्रॅक्टा गिलमार्टिनच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी भिंतीला दोन खिळे होते. एकावर पवित्र पाण्याची चिनीमातीची वाटी टांगलेली, दुसऱ्यावर किल्ली. येणारा-जाणारा वाटीत बोट बुडवून क्रुसाची खूण करायचा आणि ज्याला टेकडीवर जायचं असेल तो किल्ली मागायचा. देव आणि देवाच्याही आधीची मंडळी अशी शेजारी शेजारी टांगलेली पाहून नव्या पाद्रीबाबांनी एकदा नाक मुरडलं.

"फादर, ते इथले जुने भाडेकरू आहेत," अट्रॅक्टा म्हणाली. "त्यांना कसं काढायचं?"

पुढच्याच आठवड्यात पाद्रीबाबा स्वतः किल्ली मागायला आले.

किल्ली होती घरामागच्या टेकडीवरच्या थडग्याची. दगडांचा एक भला मोठा ढीग, त्याच्यावर गवत, आणि पोटात शिरणारा एक अरुंद बोळ. बोळाच्या टोकाशी खोली, खोलीत कोरलेले दगड. इजिप्तमध्ये पिरॅमिड नव्हते तेव्हा कुणीतरी कुणाला तरी तिथे आणून ठेवलं, यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नाही. स्लायगो परगण्यात असली थडगी पैशाला पासरी. पण या थडग्याला लोखंडी दार होतं, दाराला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली गिलमार्टिनांच्या घरात राहायची. कुणी ठरवलं म्हणाल, तर कुणीच नाही. दार बसवायला आलेल्या सरकारी माणसाला सगळ्यात जवळ याच घराचं धुराडं दिसलं, इतकंच.

अट्रॅक्टा लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे डीलियाबाईंनी, तिला किल्ली दाखवली आणि त्याच दमात घरचा नियम सांगितला. जाणाऱ्याला काही द्यायचं नाही. परत येणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही.

"मेलेल्यांच्या घरून आलेला माणूस तसाच रस्त्याला लागला, तर त्यांच्यातलं कुणीतरी सोबतीला निघतं," डीलियाबाई म्हणाल्या. "जिवंत माणसाच्या हातचा घोट पोटात गेला की ते माघारी फिरतं. आणि हे बघ, आपल्या हाताने करून प्यायलेला चहा चालत नाही. दुसऱ्याने द्यावा लागतो."

"असं कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूने. आणि तिला उलट विचारायची माझी छाती झाली नव्हती."

तेव्हापासून त्या घरातून कोण कोण चहा पिऊन गेलं! एक जर्मन प्राध्यापक आतून जो रडत बाहेर आला, तो तीन कप होईपर्यंत रडतच होता. कॉर्ककडचं एक नवं जोडपं आत शिरताना हातात हात घालून गेलं आणि बाहेर आलं ते तोंडं फिरवून. अट्रॅक्टाने मुद्दाम एकच बशी पुढे केली, लोणी आणि रुबार्बचा मुरंबा लावलेला सोडाब्रेड त्यांना एकाच बशीतून खायला लावला आणि निघताना दोघांचं गोत्र जुळवून पाठवलं. एक अमेरिकन पाहुणा तर छाती फुगवून म्हणाला होता, माझे पूर्वज इथलेच. "मग किल्ली कशाला मागतोस?" अट्रॅक्टा म्हणाली. "दार वाजव. घरचीच माणसं आहेत, उघडतील."

तिची स्वतःची पहिली खेप मात्र लग्नाआधीची. बार्टली गिलमार्टिनने सप्टेंबरच्या एका संध्याकाळी तिला आत नेलं. सप्टेंबरात मोजके दिवस मावळतीचं ऊन त्या बोळातून सरळ आत येतं आणि मागच्या दगडावर कोरलेल्या वेटोळ्यांवर टेकतं. ऊन टेकलं तसं बार्टलीने तिचा हात धरून त्या वेटोळ्यांवर ठेवला आणि लग्नाचं विचारलं. बिचाऱ्याला दुसरी जागा सुचली नाही.

"इथे विचारतोस?" ती म्हणाली.

"इथे कुणी ऐकत नाही ना."

"अरे, इथे तर सगळेच कान देऊन बसलेत!"

होकार तिने बाहेर आल्यावर दिला, उजेडात. मग डीलियाबाईंनी दोघांना चहा दिला आणि होणाऱ्या सुनेने साखर किती घेतली ते नीट बघून ठेवलं.

डीलियाबाई गेल्यावर नवराबायकोने आपसात पाळ्या लावल्या. एका सप्टेंबरात तो आत जायचा आणि ती चहा ठेवायची; पुढच्या सप्टेंबरात ती जायची आणि तो ठेवायचा. बार्टलीच्या हातचा चहा म्हणजे डांबर. पण टेकडीवरून उतरताना धुराड्यातून धूर दिसला की अट्रॅक्टाचं पाऊल आपसूक झपाझप पडायचं. आपण परत यावं म्हणून कुणीतरी किटली ठेवून बसलंय, हे सुख तिला त्या वेळी सुख वाटतही नव्हतं. ती त्याला चहाबद्दल बोल लावत बसायची.

मेंढ्या विण्याच्या दिवसांत एका सकाळी बार्टली गोठ्यात कोसळला आणि गेला. त्यानंतर अट्रॅक्टाने शेकडो लोकांना किल्ली दिली, पण स्वतः आत पाऊल टाकलं नाही. लोकांना वाटलं, गुडघे. तिनेही वाटू दिलं. खरं कारण एवढंच होतं की परत आल्यावर तिला चहा द्यायला घरात कुणी नव्हतं. एकदा तिने शेजारच्या जार्लाथ टॅन्सीला विचारूनही पाहिलं. जार्लाथ जन्माचा ब्रह्मचारी, बहिणीच्या जिवावर जेवणारा.

"मी? आणि चहा?" तो दोन पावलं मागेच सरला. "अगं, आमची नेली मला किटलीला हातसुद्धा लावू देत नाही. आणि ते मेलेल्यांचं झेंगट तर मला मुळीच नको."

"तुला चावणार आहेत का ते?"

"तुला नाही चावणार. तुझी ओळख आहे त्यांच्याशी."

तिने तो विषय सोडून दिला. दर सप्टेंबरात ती मागच्या खिडकीशी उभी राहून टेकडीवरचं ऊन उतरेपर्यंत बघायची, आणि मग कोंबड्या कोंडायला जायची.

मग पुरातत्त्व खात्याचा फोन आला. टेकडीच्या पलीकडून नवा रस्ता झाला होता, गाड्या लावायला जागा झाली होती. आता तिथे वाटाड्या बसणार, नवं कुलूप लागणार. जुनी किल्ली न्यायला माणूस येईल.

माणूस आला तो सप्टेंबरातल्या एका लख्ख दुपारी, कलत्या उन्हात. डोनखा त्याचं नाव. लांबडा, किडकिडीत, कोट अंगाला दोन बोटं मोठा. बाहेर बूट पुसत तो इतका वेळ उभा राहिला की अट्रॅक्टालाच त्याची दया आली.

"मिसेस गिलमार्टिन, वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत. किल्ली आम्ही संग्रहालयात ठेवणार आहोत."

"काचेत?"

"हो, काचेत."

"मग तिला चहा कोण देणार?" ती म्हणाली. डोनखा गोंधळून हसला.

तिने किल्ली खिळ्यावरून काढली. पण देववेना. मागच्या खिडकीतून टेकडी दिसत होती, आणि आभाळ असं स्वच्छ होतं की स्लायगोत वर्षाकाठी मोजून चार वेळा दिसावं. आज ऊन आत जाणार होतं. उद्यापासून तिला तिथे जायचं तर पलीकडून, परक्यासारखं, वाटाड्याच्या मागे रांगेतून जावं लागणार होतं. जायचं तर आत्ता. नाहीतर कधीच नाही.

"बाळा, तुला चहा करता येतो?"

"येतो ना. कपात पिशवी टाकून..."

"पिशवी नाही. किटली नीट उकळू दे, चहादाणी आधी गरम करून घे, पत्ती सढळ हाताने घाल. मी वर जाऊन येते. तोवर या घरातून हलायचं नाही."

डोनखाचा चेहरा उतरला. "मिसेस गिलमार्टिन, आजपासून कुणालाही आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे. आणि तुमचे गुडघे... निदान मी बरोबर येतो."

"तू आलास तर चहा कोण ठेवणार?"

मग तिने त्याला सगळं सांगितलं. डीलियाबाईंचा नियम, बार्टलीच्या पाळ्या, खिडकीतून पाहिलेले सप्टेंबर. डोनखाने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि विचारलं, "पत्ती कुठे असते?"

टेकडीच्या पायथ्याशी जार्लाथ टॅन्सी पडक्या कुंपणाचे दगड रचत होता. "कुठे निघालीस?" तो म्हणाला.

"बार्टलीकडे."

एरवी त्याने काहीतरी खवचट उत्तर दिलं असतं. आज त्याने टोपी काढली.

दार कुरकुरलं, पण उघडलं. बोळात वाकून, भिंतीला धरून, गुडघ्यांना शिव्या घालत अट्रॅक्टा आत पोचली. तोच जुना ओला वास. तीच थंडी. थोड्या वेळाने ऊन बोळातून सरकत आलं आणि मागच्या दगडावर चढलं, वेटोळी एकेक करून उजळली. तिने हात ठेवला. बार्टली इथे नाही, हे ती जाणून होती. तो खाली चर्चच्या आवारात होता, आई-बापाशेजारी. तरी हातावरचा त्याचा हात तिला इथेच आठवायचा, तिकडे कधीच नाही. ती मनमोकळी रडली. इतकी वर्षं आपण नुसत्या चहापायी अडून बसलो, याचं तिला हसूही आलं.

"किल्ली चालली रे," ती म्हणाली. "मी आपली सांगायला आले."

ऊन दगडावरून उतरलं. तिने बाहेर येऊन कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं, जसं ती सगळ्यांना बजावत आली होती.

टेकडी उतरताना तिने खाली घराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर येत होता, नको तितका. पोराने चुलीत काय काय कोंबलं होतं देव जाणे. अट्रॅक्टाचं पाऊल झपाझप पडायला लागलं.

स्वतःच्या दाराशी येऊन ती थबकली. दार उघडंच होतं. पण किल्ली परत करायला येणारा प्रत्येक माणूस दार वाजवत असे. तिनेही वाजवलं.

आत काहीतरी खणकन पडलं. "या, या!" डोनखा ओरडला. "झालाच आहे चहा!"

"किल्ली परत आणली हो," अट्रॅक्टा म्हणाली. "फार उपकार झाले."

खांद्यावर फडकं टाकलेल्या डोनखाने दोन्ही हातांनी किल्ली घेतली. कुठे ठेवावी ते न सुचून त्याने ती तिच्या खिळ्यावरच अडकवली. मग तिला खुर्ची दिली आणि कप समोर ठेवला. ब्रेड त्याने असा कापला होता की एकेका तुकड्यावर माणूस बसावा.

तिने एक घोट घेतला.

"कसा झालाय?" त्याने भीत भीत विचारलं.

"डांबर," ती म्हणाली, आणि कप तळापर्यंत प्याली. डोळे पुसले तेही उघड, त्याच्यासमोर.

निघायची वेळ झाली तसा डोनखाने कोट चढवला, खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिशात टाकली. दारात तिने त्याला अडवलं.

"तू असल्या थडग्यांत किती वेळा जाऊन आलास रे?"

"नोकरीच ती. सारखंच आत-बाहेर चालू असतं. देशभर."

"आणि परत आलास की तुला चहा कोण देतं?"

"कुणी नाही. मी डब्लिनला एकटाच राहतो."

अट्रॅक्टाने त्याच्या मागे, रिकाम्या अंगणाकडे एक नजर टाकली.

"काढ तो कोट," ती म्हणाली, आणि तिने किटली पुन्हा चुलीवर ठेवली.