बाबांना बसवलं ते मीच

अकरावी-बारावीला मी जीवशास्त्र शिकवते. स्नायू चरबी कशी जाळतात, हा माझा हातखंडा धडा. आणि माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बाबा माथेरानला हॉटेलांचं सामान डोक्यावरून वाहायचे. कर्जतच्या कॉलेजात मला नोकरी लागली तशी मी त्यांना दहिवलीच्या फ्लॅटवर आणलं. लेक कमावती आणि बाप ओझी वाहतोय म्हटलं की आमच्याकडे गाव तोंडात शेण घालतं. "बाबा, आता बसून खायचं," मी बजावलं. दोन वर्षं ते खरंच बसले. सोफ्यावर, टीव्हीसमोर. भाकऱ्या मात्र पूर्वीइतक्याच.

मग पोट दुखायला लागलं म्हणून रक्त तपासलं. नळीत रक्तावर आलेलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. "रक्तात चरबी फार वाढलीय. स्वादुपिंड सुजलं तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

अहो, हे तर मीच फळ्यावर लिहिते! स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर एक एन्झाइम असतं. ते रक्तातली चरबी फोडतं, मग स्नायू तिचे तुकडे आत ओढून जाळतो. माणूस बसून राहिला की त्याचं काम मंदावतं आणि चरबी रक्तातच फिरत राहते. जन्मभर डोंगर चढलेले पाय मी सोफ्याला बांधून ठेवले होते.

गोळ्या सुरू झाल्या, तेलतूप तोडलं. डॉक्टरांना विचारून बाबा पुन्हा रोज टेकाड चढू लागले, बिनओझ्याचे. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. मी तो दवाखान्याच्या पायरीवरच वाचला. सगळं आटोक्यात! "सुटले गं बाई," मी मोठ्यानेच म्हणाले. रडू आलं, हसूही आलं.

"मी बसा म्हटलं, तेव्हा 'नको' का म्हणाला नाहीत?" मी बाबांना विचारलं.

"तुज्या कॉलेजची पोरं सहलीला वर माथेरानला येतात. वाटलं, डोकीवर ओझं घेतलेला बाप तुला दिसाया नको."

'छे' म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. "थोडं तसंही होतं, बाबा."

"म्हाईत हाय गं," बाबा म्हणाले. "म्हणून तर बसलो."

मी त्यांचा हात धरला. कॉलेजवरून जाणाऱ्या रस्त्यानेच आम्ही चालत घरी आलो.